सिस्टरची दोन बोटं

हाताची दोन बोटं वर करून सिस्टर ती समोरच्याच्या नाकापुढे नाचवायच्या. "दोन आहेत ना? मग एक काढा!"

देवासला आमच्या शेजारी राहणाऱ्या या निवृत्त नर्सना अख्खी गल्ली सिस्टर म्हणायची. सख्खा भाऊ मात्र त्यांचं नाव काढत नसे. वडील गेल्यावर त्यानं त्यांना घराबाहेर काढलं. त्यांनी फक्त वडिलांचा काळा लोकरी कोट मागितला, तोही दिला नाही. आणि हा गृहस्थ चर्चमध्ये पहिल्या बाकावर! "दोन अंगरखे असणाऱ्यानं एक द्यावा, असं वाचतोस ना रे?" सिस्टरनी साऱ्या मंडळीसमोर विचारलं. तो म्हणाला, "ते त्या काळच्या लोकांसाठी होतं. आज तसं वागलं तर धंदा कोण करणार?"

झालं, सिस्टरनी डूख धरला.

थंडी पडली की देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी कुडकुडणारा कुणीतरी त्या शोधायच्या, त्याला चहा पाजायच्या आणि रविवारी थेट भावाच्या शेजारी नेऊन बसवायच्या. स्वतः मागच्या बाकावर. सगळ्यांच्या नजरा भावावर. मग काय, अंगातला स्वेटर उतरवावाच लागे. घरी येऊन सिस्टर त्याच्या चेहऱ्याची नक्कल करायच्या आणि माझी बायको हसून बेजार व्हायची.

"सिस्टर, ही भक्ती की सूड?" मी एकदा विचारलं.

"दोन्ही, भिया." मला त्या माळवी थाटात भैयाऐवजी भियाच म्हणायच्या. "ज्याला थंडी वाजते, त्याला क्या फरक पडता है?"

भावानंही मग डाव टाकला. एका सकाळी सिस्टर आणि मी टेकरीपाशी भाजी घेत होतो. समोर एक म्हातारा बसलेला, अंगात काळा लोकरी कोट. कोपरावरचा रफू सिस्टरच्या हातचा.

"भैयाजी ने दिया," म्हातारा म्हणाला. "बोले, सिस्टर को ज़रूर दिखाना."

माझं डोकंच फिरलं. "मी याला नवं घोंगडं आणून देतो. कोट मागून घ्या."

सिस्टरनी बाहीवरून हात फिरवला. डोळे भरले होते. "घोंगडं आणाच. पण कोट त्याचा आहे. भावाला लागू आहे ते मला नाही होय?" असं म्हणून त्यांनी म्हाताऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं.

परतताना म्हणाल्या, "पण त्याला मी सोडणार नाही हां, भिया."

गेल्या थंडीत सिस्टर गेल्या. अंगावर घालायला बायकोनं त्यांच्या पेटीत शाल शोधली. रोज पांघरायच्या ती सोडून दुसरी नव्हतीच. भाऊ मातीला आला तो जाडजूड नवा कोट घालून. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. तो मला अजून सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, आता जाऊ द्या. का म्हणून जाऊ देऊ? तोवर मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. मातीनंतरच्या पहिल्याच रविवारी टेकरीपाशी कुडकुडणाऱ्या एकाला चहा पाजला आणि आत नेऊन पहिल्या बाकावर बसवलं. भावानं दचकून मागे पाहिलं.

सिस्टरच्या जागेवर बसून मी दोन बोटं वर केली.