विल्फच्या पाइपाला गरम पाण्याची पिशवी

विल्फ,

तुझ्या लेकीच्या घरात म्हणे जमिनीखालून ऊब येते. भिंतीवर रेडिएटर नाही, दाबाचा काटा नाही, आणि काही बिघडलंच तर कंपनीचा माणूस फोनवरून बघतो. म्हणजे तुला करायला काही उरलेलं नाही. बरं झालं, असं मी म्हणणार नाही. खोटं लिहायचा मला कंटाळा आहे.

इथे बर्न्लीत अजूनही कोणाचा घर तापवणारा बॉयलर बंद पडला की लोक आधी तुझ्या दाराकडे वळतात, आणि मग त्यांना आठवतं, तू आता इथे नाहीस. नोकरीभर तू बसमध्ये तिकिटं तपासलीस. निवृत्त झाल्यावर त्याच संशयानं गल्लीतल्या बॉयलरांच्या मागे लागलास. प्रत्येक बॉयलर तुझ्या लेखी बिनतिकिटाचा प्रवासी.

"स्वयंपाकघरातली शेगडी पेटते का? पेटते? मग गॅसवर आळ घेऊ नकोस. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची बॅटरी बघितलीस? आता पाण्याच्या दाबाचा काटा बघ. एकाच्या खाली गेलाय ना? खालची तोटी उघड, दीडपर्यंत आला की बंद कर. बंद कर म्हणजे बंद कर!"

मिसेस पिकल्स ती तोटी बंद करायला विसरल्या आणि मागच्या अंगणात बदकं पाळण्याइतकं पाणी झालं. त्याचंही खापर तू बॉयलरवरच फोडलंस. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असला की तुझी ती पितळी किल्ली निघायची. हवा फुस्स करून जायची, मागोमाग काळं पाणी, आणि ते धरायला तुला नेमका माझा चांगला कप सापडायचा. पण बॉयलरच्या झाकणाला कधी बोट लावलं नाहीस, हे मात्र कबूल करते. "आतलं काम परवानावाल्याचं," म्हणायचास.

आणि परवानावाल्याला बोलवायचास कधीच नाही. बोलवतंय कोण इथे? आपल्याकडे माणूस गारठून मेला तरी चालतं, पण त्यानं कोणाला त्रास दिला असं व्हायला नको. "उगाच कशाला त्या बिचाऱ्याला?" म्हणायचं आणि अंगावर आणखी एक स्वेटर चढवायचा.

त्यापायीच तर लोरेननं तुला ओव्हरकोट घालून नाश्ता करताना पकडलं. अट घातली तिनं, माझ्यासमोर. "बाबा, पुढच्या हिवाळ्यात हे घर एकदा जरी मला गार सापडलं, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे रेडिंगला यायचं. एकदाही चालणार नाही." तू हसलास. तिची पाठ वळल्यावर मला म्हणालास, "माझी डोरीन गेली तेव्हा तिला याच जिन्यावरून शेवटचं खाली आणलं, मास्तरीणबाई. मी पण इथूनच जाणार."

मग नोव्हेंबर आला. बॉयलरमधून निथळणारं पाणी बाहेर नेणारा तो पांढरा प्लॅस्टिकचा पाइप थंडीत गोठतो, म्हणून तू त्यावर चढवायला काळ्या फोमचं आवरण आणलंस. माझ्याकडे चहाला आलास, मागच्या भिंतीवर माझा उघडा पाइप बघितलास, आणि ते आवरण माझ्याच पाइपावर चढवून मोकळा झालास.

"तुझी भिंत उत्तरेची. तुझा आधी गोठेल."

"आणि तुझा?"

"शुक्रवारी दुसरं आणू की. दोघं जाऊ, येताना बटाटा-मटण भरलेली पाई खाऊ."

त्या शुक्रवारी तुझा गुडघा धरला. पुढच्या शुक्रवारी माझी दाढ. आणि मग पडली थंडी.

लोरेन रविवारी जेवायला यायची होती. सकाळी तू आपल्या अंगणांमधल्या भिंतीपलीकडून ओरडलास, "मास्तरीणबाई! हा गुळण्या करतोय आणि बंद पडतोय!"

"म्हणजे पाइप गोठला. उकळतं पाणी ओतू नकोस, तडकेल."

"मला शिकवतेस होय?"

शेगडी, बॅटरी, काटा, सगळं तू आधीच तपासलं होतंस. आता गरम पाण्याची पिशवी पाइपाला लावलीस. ती घसरायला लागली म्हणून डोरीनचा जांभळा स्वेटर आणून वरून बांधलास. तरीही घसरली, तेव्हा पाइपाला सरळ मिठी मारून उभा राहिलास. वेडा दिसायला तेवढंही पुरे होतं, पण तुला बोलायची सवय. "सोड रे राजा, सोड आता. लोरेन येईल इतक्यात."

लोरेन आलीच होती. रस्ता मोकळा मिळाला, म्हणून लवकर, आणि मागच्या फाटकातून.

"बाबा, कोणाशी बोलतोयस?"

"पाइपाशी." जन्मभर लोकांचं खोटं पकडलंस, स्वतःला एक धड बोलता आलं नाही.

"आणि आईचा स्वेटर?"

"त्याला थंडी बाधलीय ना."

मी भिंतीवरून मान काढून ठणकावलं, "बरोबर करतोय तो, लोरेन! हीच पद्धत आहे." मी चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, माझी साक्ष वजनदार असायला हवी. पण डोक्याला रुमाल, अंगात ड्रेसिंग गाऊन, हातात कोमट पाण्याची किटली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसा वॉर्डात दुसरा पेशंट सापडावा.

तेवढ्यात पाइपातून बर्फाचा तुकडा सुटला. तू आत धावलास, बटण दाबलंस, बॉयलर धडधडून पेटला. जेवणापर्यंत घर इतकं तापलं की लोरेनला कार्डिगन काढावं लागलं. अट घराची होती. घर गार सापडलं नव्हतं. तू जिंकलास, विल्फ.

पुडिंग खाताना ती रडली. "घराचं काही नाही रे बाबा. मला तुझीच काळजी वाटते."

आणि तू भांडलास का? मी भिंतीला कान लावून बसले होते, आता तरी भांडेल म्हणून. तुझा आवाज आला, "बरं, येतो. उगाच तुला कशाला त्रास."

ईस्टरला घराबाहेर विक्रीची पाटी लागली. आता तिथे तरुण जोडपं राहतं. पाइप अजून उघडाच आहे. माझा मात्र तुझ्या आवरणात उबदार आहे, यंदाही एकदासुद्धा गोठला नाही.

काल शुक्रवार होता. त्या दुकानावरून गेले. फोमची आवरणं दाराशीच टोपलीत उभी करून ठेवली होती. आत गेले नाही. दोघांनी जायचं ठरलं होतं.