हळदीच्या रंगाची बुरशी

शाहीन मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, की बसायच्या आधी दाराची चौकट नखाने खरवडून बघायच्या. पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. लाकूड कुजवणारी, त्याला पापुद्र्यासारखी चिकटून पसरणारी बुरशी हे त्यांचं वेड. या बुरशीला ना छत्री, ना देठ. नुसत्या दिसण्यावरून तिचं वर्गीकरण करणाऱ्या पोरांना त्या हमखास झापायच्या. "तोंडावळ्यावर जाऊ नको, बेटा. सारखे दिसले म्हणून सारे एकाच कुळातले होत नाहीत."

माझ्या पुतणीच्या लग्नाला त्या आमच्या तांड्यावर आल्या. समाजमंदिरात बायकांची गाणी रंगली होती, नवरी मधोमध बसलेली. मॅडमची नजर मात्र वर, छताच्या तुळईवर. तिथे पिवळट पापुद्रा होता. आमच्याकडे छत चढवताना तुळईला हळद लावून पूजा करतात. ती तेव्हाचीच हळद, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला कधी कुणी हात लावला नव्हता. मॅडम माझ्या कानाशी आल्या. "हळद अशी पसरत नाही. हे जितं हाय. पोरीले बाहेर काढ."

पुराव्याशिवाय भर गाण्यांतून नवरीला उठवणं मला जमेना. त्यांनी शिडी मागितली, पर्समधून दाभण काढलं आणि चढल्यासुद्धा. तांड्याचे नायक म्हणजे माझे काका. ते धावत आले. पूजेची हळद खरवडायची, तीही लग्नाच्या दिवशी, आणि परक्या बाईने? दोन-चार तरणी माणसं उठून शिडीशी उभी राहिली. मॅडम मात्र खाली उतरेनात.

"मॅडम, ते आमचं शुभाचं हाय," काका म्हणाले.

"म्हणूनच पाहून राह्यली, नायकजी. लाकूड धड असलं तर दाभण आत जाणार नाही. मंग मी सगळ्याइसमोर माफी मागतो अन् निघतो."

त्यांनी नुसतं बोटाने रेटलं, तर अख्खं दाभण आत गेलं. गाणी थांबली. काकांनी स्वतः नवरीला हाताला धरून बाहेर नेलं, मागोमाग सगळ्या बायका. लग्न कडुनिंबाखाली लागलं. पुढे तुळई उतरवायला घेतली, तर माणसांच्या हातातच तिचे दोन तुकडे झाले.

तो पापुद्रा मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली घातला. गण पॉलिपोरेल्स, प्रजाती फॅनेरोकीट, इथवर त्या पोचल्या. नेमकी जात त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. दाभण आत गेलं नसतं तर, असं मी एकदा विचारलं.

"तर तुमच्या तांड्यात मले पुन्हा कोणी उभं केलं नसतं. शिडीवर तेच भ्याव वाटून राह्यलं होतं. पण पोरगी त्याच्या खालीच बसली होती ना."

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. फार पोरकं वाटलं मला. जनाजा निघाला तेव्हा काका गर्दीत मागेच उभे होते. आपण खांदा दिलेला चालेल का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मॅडमच्या भावाने ते ऐकलं. त्याने आपला खांदा काढून घेतला आणि काकांना जागा दिली.