देवळीत न सापडलेला रोगी

देवावर माझा विश्वास पूर्वीपासून बेताचा. आणि माझ्या दवाखान्यासमोर येऊन बसलेल्या त्या फुफ्फुसतज्ज्ञावर तर त्याहूनही कमी. मी वर्ध्यातला पदवी नसलेला, साधा परवानाधारक डॉक्टर. माझ्या पाटीवर नाव आणि वेळ, एवढेच. त्याची पाटी दोघांनी उचलून लावली. नावापुढे एम.बी.बी.एस., मग विलायतेतली क्षयरोगाची पदविका, मग ती जिथे मिळवली ते गाव, त्याखाली ‘छातीचे विकार’, ‘क्ष-किरण तपासणीची सोय’ आणि तळाशी ‘गिरणी कामगारांचे विमा कार्ड चालेल’. ही पाटी मी रोज सकाळी वाचत असे. इतक्या नेमाने मी कधी स्तोत्र म्हटले नव्हते.

हेवा मला पुस्तकांतून ठाऊक होता; खरी ओळख त्या वर्षी झाली. नागपूरच्या गिरण्यांत कामाला गेलेली आमच्याकडची माणसे छाती धरून गावी परतत, ती पूर्वी माझ्याकडे येत. पण सरकारी विम्याच्या यादीत त्याचे नाव होते, माझे नव्हते. आता ती हातात कार्ड धरून माझ्या दारावरून पलीकडे जाऊ लागली. त्यांतला सखाराम एकदा थांबून म्हणाला, “तुमी मानूस चांगले आहा डाक्टरसायेब, पन कार्ड तिकडंच चालते. मी काय करू?” तो ओशाळला होता, म्हणून मला अधिकच राग आला. मी मित्रांत म्हणे, एवढ्या पदव्या वाचून होईपर्यंत रोगी आपोआप बरा होत असेल. मित्र हसत, आणि आजारी पडले की तिकडेच जात.

मग मला खोकला लागला. कापसाचा हंगाम होता, सरकी काढायचे जिन सुरू झाले होते, म्हणून मी त्याला धुळीचा खोकला ठरवले. महिना झाला, संध्याकाळी अंग तापू लागले, तरी धूळच. बायको म्हणाली, “लोकाईले तपासता, अन् सोताले नाई? समोर दाखवाले काय जाते तुमचं?” काय जाते ते मला सांगता आले नसते. शेवटी मी माझी थुंकी बाटलीत घेऊन सरकारी दवाखान्यात दिली आणि कागदावर लिहिले: नामदेव गणपत, शेतकरी, देवळी. पाठवणारा डॉक्टर म्हणून खाली माझी सही. खेड्यातला शेतकरी खोकला तर कोणी मान वळवून पाहत नाही.

कागद आला. क्षयाचे जंतू होते. मी तो एका जाड पुस्तकात ठेवला आणि त्या संध्याकाळी माझे अंथरूण पडवीत नेले, कारण आमची दीड वर्षाची मुलगी माझ्या कुशीत झोपत असे. आत उकडते, असे मी सांगितले. मार्गशीर्ष महिना होता. आठवड्यानंतरच्या शनिवारी सकाळी बायको मला बळेच मारुतीला घेऊन गेली. तिने काय मागितले मला माहीत नाही. मी मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच मागत असूनही, अट घातली: कोणालाही पाठव, तो सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माझ्या दारात उभा होता. कोट धुळीने भरलेला, चेहरा उन्हाने उतरलेला, हातात वांग्यांची पिशवी.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “तुमचा एक रोगी मला सापडत नाही.”

तेव्हा मला त्याची काम करण्याची रीत कळली. ती पाटीवर नव्हती. सरकारी दवाखान्यातला जंतू सापडलेला प्रत्येक कागद त्याच्याकडे जाई, आणि तो रोगी आठ दिवसांत आला नाही, तर हा स्वतः त्याच्या घरी जाई. देवळीत त्याला तीन नामदेव मिळाले. तिघांनाही त्याने उघडे बसवून तपासले. तिघांची छाती नगाऱ्यासारखी! तिसऱ्याची बायको म्हणाली होती, “याले खोकला? घोरते तेवढा!” आणि सायेब उपाशी जाऊ नये म्हणून भाकर वाढून वर वांगी दिली होती.

“उद्या परत जातो,” तो म्हणाला. “तुम्हीही चला. त्याच्या घरात लहान मूल असेल तर उशीर परवडणार नाही.”

“आहे,” मी म्हणालो. “दीड वर्षाची मुलगी आहे.” पुढचे शब्द खोकल्यात गेले.

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, गळ्यातली नळी कानाला लावली आणि म्हणाले, “सदरा काढा.”

दीड वर्ष औषध चालले. सुई टोचायला ते स्वतः रस्ता ओलांडून माझ्या मागच्या खोलीत येत. लोकांना वाटे, एवढा मोठा तज्ज्ञ आमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला येतो. माझी प्रतिष्ठा उगाच वाढली. ते हसत, पण कोणाला काही बोलले नाहीत. मुलीच्या तपासणीत दोष निघाला नाही, त्या दिवशी बायकोने त्यांना वांग्याची भाजी वाढली. माझ्या उपचाराच्या कागदावर शेवटी ‘बरा’ असा शेरा पडला. वरचे नाव त्यांनी बदलले नाही: नामदेव गणपत, देवळी.

हा चमत्कार होता का, यावर मी वाद घालत नाही. मी एवढेच जाणतो की ज्याला मला वाचवायचे होते, त्याने माझी अट ऐकली नाही, आणि ऐकली असती तर मी ही हकीकत लिहायला उरलो नसतो. समोरची पाटी मी अजून वाचतो, आणि खरे सांगायचे तर अजून थोडे जळतोही. पण शनिवारी मारुतीपुढे उभा राहिलो की काही मागत नाही, कोणाला वगळत नाही. हात जोडतो आणि म्हणतो, “पाठवलंस.”