माझ्या गिरणीचा लिलाव आणि न वाजलेली हलगी

माझी गिरणी लिलावात गेली, ही बातमी मला गल्लीतल्या एका म्हातारीनं दिली. डोक्यावर जवारीचं घमेलं घेऊन दारात उभी. म्हणाली, "अगं, तुझी गिरणी विकली म्हनं. मग आज दळण घेतीस का न्हाय?" मी म्हणलं, "आजे, गिरणी माझी, विकणार कोण?" आणि हसले. संध्याकाळपर्यंत माझं हसू पार जिरलं.

माकणीच्या अलीकडं आमचं गाव. तालुक्याच्या पतसंस्थेकडं गिरणी गहाण ठेवून मी मिरची कांडपाचं मशीन घेतलं होतं. नवरा ट्रकवर होता तोवर हप्ते वेळेवर जात होते. नळदुर्गाजवळ ट्रक उलटला, त्याचा पाय कायमचा अधू झाला आणि हप्ते थांबले. कर्ज मी कधी नाकारलं नाही, मुदत तेवढी मागत होते. संस्थेचा वसुली अधिकारी माझ्या दारात बसायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, "ताई, काळजी करू नका, बघू काय तरी" म्हणायचा. आणि त्याच तोंडानं त्यानं गिरणी मातीमोल भावात स्वतःच्या मेव्हण्याच्या घशात घातली. बोली लावायला दुसरं कुणी आलंच नव्हतं. येणार कसं? लिलाव आहे हे गावात कुणाला ठाऊकच नव्हतं.

मेव्हणा पोलीस घेऊन आला, माझ्या गिरणीला कुलूप ठोकलं, वर स्वतःच्या नावाची पाटी लावली. आयत्या बिळावर नागोबा! मी रस्त्यात उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. बायाबापड्या दळण घेऊन माकणीला जायला लागल्या.

ही गिरणी म्हणजे नुसता धंदा नव्हता. माझ्या आजेसासऱ्यांनी बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला आणि गावकीची सगळी कामं सोडली. आमच्या घराकडं हलगी होती. गावात काही सांगायचं असलं की आमच्याच माणसानं ती गळ्यात अडकवून गल्लोगल्ली दवंडी द्यायची. आजेसासऱ्यांनी ती हलगी फोडली, तिचं लाकडी कडं चुलीत घातलं आणि त्या जाळावर भाकरी भाजून घेतल्या. गाव चिडलं. तेव्हाच्या गिरणीवाल्यानं आमचं दळण बंद केलं. आजेसासूनं जात्यावर हात सोलून घेतले. आणि आता त्याच गावातल्या सगळ्या आळ्यांचं दळण माझ्याकडं येतं. ती गिरणी मी अशी सोडीन होय?

मी धाराशिवला एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी लिलावाच्या कागदांच्या नकला काढल्या आणि विचारलं, "गहाण मालमत्ता विकण्याआधी गावात दवंडी द्यावी लागते. तुमच्या गावात हलगी वाजली होती का?" मी म्हणलं, "अहो बाई, आमच्याकडं आता सगळं फोनवरच्या ग्रुपवर येतं. हलगी कसली?" त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. हलगी वाजवून दवंडी दिली, असं लिहिलेलं. खाली हलगीवाल्याचं नाव आणि नावापुढं आंगठा.

नाव माझ्या सासऱ्यांचं होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते, अर्ध्या गावाला अक्षर त्यांनी शिकवलंय. तो अधिकारी चहा प्यायला बसला की मामा समोरच पेपर वाचत असायचे. तो त्यांना "गुरुजी, गुरुजी" म्हणायचा, नाव मात्र कधी विचारलं नाही. हलगी म्हणजे आमचीच आळी, एवढं त्याला पुरेसं होतं. आळीतल्या एका म्हाताऱ्याचं नाव कुणाकडून तरी घेतलं आणि दिलं ठोकून. सगळ्या भावकीचं आडनाव एक, त्यामुळं त्याला शंकासुद्धा आली नाही.

मामा जेवायला बसले होते, त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. "माझ्या बापानं चुलीत घातलेली हलगी ह्यानं माझ्या गळ्यात घातली," म्हणाले आणि ताटावरून उठले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर मला फक्त गिरणी हवी होती. त्या दिवसापासून मला तो माणूस हवा होता.

लातूरला सहनिबंधक साहेबांपुढं सुनावणी झाली. अधिकारी छाती काढून सांगत होता, दवंडी रीतसर झाली. साहेबांनी मामांना विचारलं, "तुम्ही हलगी वाजवली का?"

मामा म्हणाले, "साहेब, मला हलगी वाजवता येत न्हाय. माझ्या बापानं मला ती शिकवलीच न्हाय."

मग त्यांनी जबाबावर झोकदार सही केली. अधिकाऱ्यानं एकदा सहीकडं बघितलं, एकदा मामांकडं, आणि "नजरचुकीनं झालं साहेब," असं पुटपुटायला लागला. मेल्या, नजरचुकीनं आंगठा उठतो का?

लिलाव रद्द झाला. कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून मिळाले, ते मी फेडतेय. कुलूप मी स्वतः कापलं. मेव्हण्याची पाटी काढून जमिनीवर पालथी टाकली, आता तिच्यावर पिठाचे डबे ठेवते. मेव्हण्यानं नवीन फरशी बसवली होती, ती लई छान आहे.

खोट्या आंगठ्याची फौजदारी करायची ठरली, वकीलबाईंनी मामांच्या नावानं फिर्याद लिहून दिली, तसा तो अधिकारी पेढ्याचा पुडा घेऊन दारात आला. "ताई, नोकरी जाईल. लेकराबाळांचा माणूस हाय मी." मी म्हणलं, "एक कर. हलगी आण. वेशीपासून गिरणीपर्यंत वाजवत ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग, लिलाव खोटा होता म्हणून." तो म्हणाला, "आणतो." काय सांगू, माझ्या काळजाला थंडावा मिळाला! गळ्यात हलगी अडकवलेला तो माणूस मला दिसायलाच लागला.

आतून मामा आले. "न्हाय. हलगी न्हाय."

मी चिडले. म्हणलं, "मामा, आता तुम्ही ह्याला माफ करणार का?"

"हलगी कुणाच्याच गळ्यात न्हाय," मामा म्हणाले. "आन् माफी बी न्हाय. ती फिर्याद आण."

मी पळत जाऊन कागद आणला. मामांनी खिशातलं पेन काढलं, बाकड्यावर बसून सावकाश पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद त्या माणसाच्या तोंडापुढं धरला. "वाचून घ्या. माझं नाव हे. आता इसरू नका."

पेढ्याचा पुडा मी त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवून दिला.

आता केस चालू आहे. तारखेला मी गिरणी बंद ठेवून जाते. वकीलबाई म्हणतात, तुमचं काही काम नाही, कशाला येता? अधिकारी कोर्टाच्या भिंतीला टेकून उभा असतो. शिपाई दारात येतो आणि मामांचं नाव मोठ्यानं पुकारतो. तेव्हा त्या अधिकाऱ्याची मान खाली जाते, ती बघायला मी जाते.