घरतभाऊंनी ओळखलेला हिरवा

दुपारचं जेवण उरकून प्रमिलाबाई तांडेल चटईवर आडव्या होतात. भंगारवाल्याची हाक लांब लांब जाते. पंख्याची घरघर ऐकता ऐकता ती भट्टीची वाटू लागते.

भट्टीच आहे ती. समोर घरतभाऊ उभे आहेत, अंगात खाकी डगला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, हे प्रमिलाबाईंना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या म्हणतात, "उशीर केलात."

"गेटावर पास विचारत होते."

एकोणीस वर्षं दोघांनी एकाच प्रयोगशाळेत काढली. युरेनियमचं तपकिरी ऑक्साइड नळीच्या भट्टीत ठेवायचं, पाचशे अंशांवर त्यावरून हायड्रोजन फ्लोराइड वायू सोडायचा. पाण्याची वाफ निघून जाते, मागे उरतं युरेनियम टेट्राफ्लोराइड. सगळे त्याला हिरवं मीठच म्हणायचे. वायू कमी पडला की मिठाच्या पोटात तपकिरी राहतं, आणि पुढे धातू काढताना अख्खा घाणा वाया जातो.

वायू आणि आच यांतलं घरतभाऊंइतकं कुणाला कळत नसे. पण हिरवं आणि तपकिरी त्यांना एकच दिसे. पहिल्याच वर्षी त्यांनी हे प्रमिलाबाईंच्या कानावर घातलं होतं, "साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, ताई." तेव्हापासून भट्टी उघडली की प्रमिलाबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहत आणि हळूच म्हणत, "झालंय," किंवा "अजून तासभर." कुणाला कधी पत्ता लागला नाही.

"आज तुम्ही बोलायचं नाही," घरतभाऊ म्हणतात. "मी सांगतो."

प्रमिलाबाईंना वाटतं, चुकले तर?

नळीचं झाकण उघडतं. आत खाडी आहे, भरतीला आलेली. दोघं रबरी हातमोजे घालून घोटाभर पाण्यात उभे आहेत, आणि मिठाने भरलेला निकेलचा ट्रे होडीसारखा डुलत त्यांच्याकडे येतो. घरतभाऊ वाकतात. बराच वेळ वाकूनच राहतात.

"एवढं हिरवं असतं होय?" त्यांचा आवाज चिरकतो. "कैरीच्या सालीसारखं! आणि तुम्ही एकोणीस वर्षं नुसतं 'झालंय' म्हणायचात?"

"मग काय म्हणायचं?"

"निदान 'वा' तरी!"

प्रमिलाबाईंना हसू आवरत नाही. "बरं, वा! काढा आता बाहेर."

"थांबा." ते कोपऱ्यातलं एक ढेकूळ चमच्याने फोडतात. आत वालाच्या दाण्याएवढं तपकिरी. प्रमिलाबाईंच्या नजरेतून ते साफ सुटलं होतं.

"अजून तासभर," घरतभाऊ म्हणतात, थेट त्यांच्याच सुरात.

आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद प्रमिलाबाईंना जन्मात झालेला नाही.

"भाऊ, तिकडे सगळं दिसतं?"

"सगळं. परवा झाडावरची लाल मिरची लांबूनच पाहिली. पूर्वी पानांत हात घालून चाचपायचो."

ते पाण्यातून चालू लागतात, खाली वाकून काहीबाही निरखत.

"आई, चहा ठेवू ना?" सून विचारते. "आणि झोपेत एवढं हसताय कशाला?"

प्रमिलाबाई उठून बसतात. केस मागे सारायला हात वर करतात आणि थबकतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पण दोन्ही मनगटांवर रबरी हातमोज्यांच्या काठाचा गोल, लालसर वळ उमटला आहे, आणि बोटांच्या बेचक्यांत मोज्यांतली पांढरी पावडर अजून ओलसर आहे.