रंगाखालचा माणूस

धंतोलीतल्या एका डेंटल लॅबमध्ये मी दातांच्या कॅपना रंग देते. नकली दात शेजारच्या खऱ्या दाताशी जुळला पाहिजे, एवढंच काम. पण पंधरा वर्षं तेच केल्यावर हाताला बारीक ब्रशची सवय लागते, आणि त्या सवयीनेच मला टेबलावरच्या युद्धखेळात ओढलं. आम्ही पाच जण दर रविवारी प्रतापनगरात एकाच्या घरी वरच्या मजल्यावर जमतो. टेबलावर फोमचं शहर मांडतो आणि त्यात फासे टाकून बोटभर उंचीचे सुपरहिरो लढवतो. शहर बनवणं माझ्याकडे असतं: पीव्हीसी पाइपचे मेट्रोचे खांब, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या गच्च्या. पुतळेही बहुतेक मीच रंगवते.

गेल्या मे महिन्यात ऑनलाइन ग्रुपवर एका तरुणाने आपले वीस रंगवलेले पुतळे विकायला काढले. त्याला बंगळुरूला नोकरी लागली होती. मी मानेवाड्याला त्याच्या घरी गेले तेव्हा तो निघूनही गेला होता. डबा त्याच्या आईने दिला. काकू शाळेत शिपाई होत्या, आता निवृत्त, घरात एकट्या. त्यांनी मला माठातलं पाणी दिलं आणि डबा जपून धरायला सांगितलं, लेकाने फार जीव लावून केलं आहे म्हणाल्या.

रंगकाम खरंच सुरेख होतं. पण खेळातल्या आमच्या टोळीचे रंग वेगळे, त्यामुळे ते उतरवणं भाग होतं. वरचा अॅक्रिलिक रंग स्पिरिटमध्ये भिजवला की मऊ पडतो, मग जुन्या टूथब्रशने घासलं की प्लास्टिक उघडं होतं. पुढच्या रविवारी खेळ नव्हता. मी सकाळी नऊ पुतळे बरणीत टाकले आणि जेवण झाल्यावर घासायला बसले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घरात फक्त कूलरचा आवाज.

पहिल्या पुतळ्याचा लाल पोशाख निघाला आणि खाली पांढरा शर्ट दिसला. हा थर निघेना. तो इनॅमलचा होता, स्पिरिटला दाद न देणारा. शर्टाच्या खिशाला दोन टिंबं, एक निळं आणि एक लाल, म्हणजे पेनं. तपकिरी पँट. चेहऱ्यावरचा मुखवटा कातडीच्या रंगाने बुजवून त्यावर चष्म्याची काळी चौकट काढलेली. मला वाटलं, पोराने गंमत केली असेल.

दुसऱ्याखालीही तोच माणूस होता, तिसऱ्याखालीही. एक उडणारा, एक गुडघा टेकून बसलेला, एक दगड उचललेला, पण शर्ट तोच, पेनं तीच, कानावरचे पांढरे केसही तेच. पाचव्यापर्यंत माझा हात हळू झाला होता. उजव्या पायात चप्पल रंगवलेली होती. डावा पाय मात्र उघडा. साच्यातल्या जाड बुटावरच त्याने केसाएवढ्या रेघांनी पाच बोटं काढली होती. नऊच्या नऊ पुतळ्यांना.

ते मी वर्तमानपत्रावर वाळायला ठेवले आणि हात धुवून आले. मी मांडले होते तसेच उभे होते, तरी मला त्यांची तोंडं भिंतीकडे वळवावीशी वाटली, आणि मी वळवली.

त्या तरुणाला फोटो पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी आपण खरवडून काढलं, ही बोच जाईना. शेवटी एक पुतळा रुमालात गुंडाळून मी शनिवारी काकूंकडे गेले.

काकूंनी चष्मा लावून तो उन्हात धरला. मग म्हणाल्या, हे लेकाचे वडील. मुलगा आठ महिन्यांचा असताना ते भरदुपारी घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांकडे शोधलं. फोटो एकच होता, लग्नातला, त्यात चष्माही नव्हता.

मी पायाकडे बोट दाखवलं. त्यांनी पुतळा खाली ठेवला.

"हे कोनं सांगितलं त्याले?" त्या म्हणाल्या. "मी तर कोनालेच सांगितलं नाही वं."

त्या दिवशी डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता. दोघांचं भांडण चाललेलं, ते तसेच एका चपलेवर निघून गेले. ती तुटकी चप्पल दारात राहिली. लोक काय काय विचारतील म्हणून काकूंनी ती लगेच चुलीत घातली. पोलिसांनाही सांगितलं नाही, लेकाला तर नाहीच.

त्यांनीच मला लेकाला फोन लावायला सांगितला आणि आपण इथे आहोत हे कळू न देण्याची खूण केली. या वेळी त्याने उचलला. मी स्पीकरवर ठेवला. फोटो पाहिले, काय लिहावं सुचलं नाही, असं तो म्हणाला. आधी माणूस रंगवायचा आणि मग वरून पोशाख, ही त्याची पहिल्यापासूनची पद्धत. त्याशिवाय पुतळा त्याला पोकळ वाटायचा.

"पण हा माणूस कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही, ताई. लहानपणापासून दिसते मले. दुपारी दारात उभा असते."

"काय करतो?"

"काही नाही. खाली पाहून चप्पल शोधून राहिला असते."

काकूंनी पदर तोंडावर दाबला. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. दार उघडंच होतं, आणि त्या दाराकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. पुतळा परत रुमालात घेऊन निघताना मात्र त्याच दारातून जावं लागलं. मी उंबरठ्यावर पाय न देता लांब टांग टाकली. काकूंनी ते पाहिलं.

दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो उघडे केलेले नऊ पुतळे परत मागायला माझ्याकडे आला. सडपातळ, शांत मुलगा. उरलेल्या अकरांचं काय करू विचारलं, तर म्हणाला, न घासता वरूनच रंग मारा, खालच्या माणसाला काही होत नाही. बंगळुरूला तो माणूस दिसतो का, हेही मी विचारलं.

"तिकडे नाही दिसला एकदाही," तो म्हणाला. "मले वाटते, तो घरीच राहिला. आईजवळ."

हे सांगताना त्याचा चेहरा हलका झाला नव्हता. उलट काहीतरी मागे विसरून आल्यासारखा दिसत होता. नऊ पुतळे एकेक करून कापसात ठेवत तो म्हणाला की काकूंनी ते स्वतःकडे मागितले आहेत.