सोजरबाईंच्या पितळी वाट्या

परवाची गोष्ट. जिंतूरकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात, चावडीच्या ओसरीवर एकटाच जेवत होतो... जेवत कसला, स्वतः भाजलेल्या भाकरीशी भांडत होतो. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा.

निजाम सरकारच्या जंगल खात्यात मी साधा सर्व्हेवाला. यंदा काम आलं तेही अजब. रानात कोणकोणत्या अळंब्या उगवतात, खायच्या कोणत्या, विषारी कोणत्या, ते शोधून कळवा. म्हणजे दिवसभर सागाच्या ओल्या पाचोळ्यात ओणवं फिरायचं.

अळंबी ओळखायची एक रीत आहे. देठ कापून छत्री कागदावर ठेवायची, वरून वाटी पालथी घालायची. सकाळपर्यंत छत्रीच्या झालरीतून बारीक भुकटी खाली पडते, तिच्या रंगावरून जात कळते. पांढरी भुकटी दिसावी म्हणून कागद काळा.

वाट्या कमी पडल्या, म्हणून शेजारच्या सोजरबाईंकडून दोन पितळी वाट्या मागून आणल्या. म्हातारी बाई, घरात एकटीच. सुरुवातीला त्याच मला जेवू घालायच्या, समोर बसून आग्रह करायच्या.

आणि अचानक गाव गप्प झालं... मी पारावर गेलो की पार रिकामा. आडावर रामराम घातला तर उत्तर नाही. सोजरबाईंची भाकरीही बंद.

आमच्या झरी गावच्या घरी पंगतीशिवाय घास उतरत नाही, आणि इथे बोलायला माणूस नाही. फार एकटं वाटायचं. एकदा तर टोपलीतल्या अळंबीलाच ‘काय म्हणता?’ विचारलं! शेवटी बदलीचा अर्ज करायचं पक्कं केलं.

जायचं तर आधी वाट्या परत करायला हव्यात. राखेने लख्ख घासल्या. पण मागून आणलेलं भांडं रिकामं कसं द्यायचं? माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळ्यात सुरेख उमटलेला कागद वाटीत ठेवला... काळ्यावर पांढऱ्या रेघांचं गोल चक्र.

सोजरबाईंनी दारातच हात मागे घेतले. “साहेब, तो उतारा माझ्या घरात नगं.”

उतारा! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी ओसरीवर काळे कागद मांडायचे, त्यावर वाट्या पालथ्या घालायच्या, सकाळी गुपचूप उचलायच्या... गावाने मला करणीवाला ठरवलं होतं. आणि त्यातल्या दोन वाट्या या बिचारीच्या!

हसूही आलं आणि रडूही. “मावशी, ही नुसती छत्रीची भुकटी हाय. चला, तुमच्या हातानं वाटी उचलून बघा.”

पदरात हात गुंडाळूनच ओसरीवर आल्या. रात्री मी पालथ्या घातलेल्यांपैकी एक वाटी उचलली, खालची छत्री मी बाजूला केली.

“शिवा शिवा... ही तर रांगोळी हाय की! आन आमी म्हनलो...” पदर तोंडाला लावला आणि आपल्या वाट्या, तो कागद घेऊन गेल्या.

वाटलं, संपलं. पण दिवस मावळताना पुन्हा आल्या. एका वाटीत पिठलं, दुसरीत ठेचा, वर झाकण म्हणून भाकरी.

“तुमाला लागतील वाट्या. पर रिकाम्या कशा देऊ?” मग खांबाला टेकून बसल्या. “जेवा. म्या हाय बसलेली.”

पिठलं लय खारट झालं होतं. तरी मी अगदी हळूहळू जेवलो... जेवण संपलं की त्या उठून जातील म्हणून.